घोड्यासह जंगलकाठी मुक्काम : नागपूर परिसरातील घोडेस्वारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नागपुरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडले तरी तासा-दीड तासात जंगलाची कड लागते. उत्तरेला रामटेक-मनसरच्या पुढे पेंच, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नैर्ऋत्येला बोर, आणि शहराला अगदी खेटून गोरेवाडा. ज्यांच्या दारात स्वतःचा घोडा आहे, त्यांना हिवाळा लागला की घोडा घेऊन दोन रात्री जंगलाच्या सान्निध्यात काढाव्यात असे वाटणे साहजिक आहे. मात्र या विषयावरची बहुतेक माहिती अमेरिकेतून येते. तेथील राष्ट्रीय वनांमध्ये घोडेस्वारांसाठी वेगळे तळ राखलेले असतात आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी घोडे बांधण्याची सोय, पाण्याचे हौद, लीद टाकण्याची जागा आणि लांब ट्रेलर वळवण्यापुरते मैदान आधीच असते. आपल्याकडील वनपर्यटनाची निवासस्थाने माणसांसाठी बांधलेली आहेत आणि भोवतालचा मुलूख वाघ-बिबट्याचा आहे. म्हणून तेथील सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही.

या लेखातील सगळ्या सूचना एका नियमावर उभ्या आहेत. मुक्कामाची जागा घोड्याची रात्र डोळ्यांपुढे ठेवून निवडावी. माणूस गाडीत, ओसरीवर किंवा तंबूत कशीही रात्र काढू शकतो. अनोळखी अंधारात, अनोळखी वासात, दोरीने बांधलेल्या घोड्याला स्वतःहून काहीच करता येत नाही.

हंगाम आणि जागा

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हाच खरा हंगाम होय. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्याही वर जातो, त्यामुळे उन्हाळ्यातील मुक्कामाचा विचारच सोडून द्यावा. पावसाळा त्याहून गैरसोयीचा असतो. काळी माती ओली झाली की खुराला चिकटून गोळे होतात, त्या ओढीने नाल सैल होते आणि खुंटी कितीही खोल ठोकली तरी एका झटक्यात वर येते. उन्हाळा जवळ आला की त्याच मातीला भेगा पडतात, आणि रात्री त्यांत घोड्याचा पाय अडकू शकतो. म्हणून हंगाम कोणताही असो, मुरमाड, किंचित उताराची, पाणी न साचणारी जागाच पाहावी. नदीच्या किंवा तलावाच्या अगदी काठावर तळ ठोकण्याचा मोह रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या ठिकाणी फार होतो, पण काठापासून किमान ६० मीटर दूर राहावे. काठावर डास आणि डांस (जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या) अधिक असतात, लिदीने पाणी दूषित होते, आणि वन्यप्राण्यांची पाण्यावर येण्याची वाटही तीच असते.

जंगलाच्या आत मुक्काम करण्याचा आग्रह नागपूरच्या घोडेस्वाराने धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेंच १९९९ मध्ये आणि बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्यांच्या गाभा क्षेत्रात घोडा नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि बफर क्षेत्र हाही वाघाच्या वावराचाच भाग असतो. घोडा हा वाघासाठी आणि बिबट्यासाठी भक्ष्य आहे. त्याला तेथे उघड्यावर बांधणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे, आणि त्यातून एखादे जनावर गावाकडे फिरकू लागले तर त्याचा त्रास आपण परतल्यावर गावकऱ्यांना आणि त्या जनावरालाही भोगावा लागतो. योग्य पर्याय म्हणजे जंगलालगतच्या गावातील शेत, कृषी पर्यटन केंद्र किंवा फार्महाऊस, जेथे पक्का, बंद होणारा गोठा आहे. दिवसा रपेट आणि रात्री गोठा, असा मुक्काम घोड्याला मानवतो.

जागा ठरवण्यापूर्वी घोडा न घेता, दिवसाच्या उजेडात एकदा स्वतः जाऊन यावे. ट्रक आत वळतो का, विजेच्या तारा किती खाली लोंबतात, गोठ्याच्या दाराची उंची किती आहे, विहिरीला कठडा आहे का, हे सारे पाहावे. विदर्भात बिनकठड्याच्या विहिरी आजही अनेक शेतांत आहेत आणि गवत वाढले की त्या दिसत नाहीत. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही जण धुऱ्याला (शेताच्या बांधाला) बेकायदा वीजप्रवाह सोडतात. त्या तारेने माणसेही दगावतात आणि जनावरेही. शेतमालकाला आणि शेजारच्या शेतकऱ्यांना याविषयी थेट, आडपडदा न ठेवता विचारावे. सौर कुंपणाचा झटका मर्यादित असतो, परंतु घोडा त्यानेही बिथरतो, म्हणून ते कुठून कुठवर आहे हे माहीत असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट पाहणीत हमखास निसटते, ती म्हणजे आग्या मोहोळ. मोठ्या झाडांच्या उंच फांद्या, पाण्याच्या टाकीचा खालचा भाग आणि जुन्या इमारतींचे छज्जे मान वर करून नीट न्याहाळावेत. चुलीचा धूर किंवा मोठा आवाज यांनी हे मोहोळ उठले, तर माणूस पळून घरात शिरू शकतो, बांधलेला घोडा मात्र जागीच सापडतो. असे मोहोळ दृष्टीस पडले तर ती जागा सोडून द्यावी. दूर बांधले की झाले, असे समजू नये.

परवानगी

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार घोडा, घोडी, तट्टू आणि खेचर हे सारे गुरांतच मोडतात. राखीव वनात परवानगीशिवाय घोडा नेणे किंवा चारणे हा गुरे घुसवण्याइतकाच गुन्हा आहे. त्यामुळे रपेटीचा रस्ता राखीव वनातून जात असेल, मग तो गावकऱ्यांच्या रोजच्या वहिवाटीचा का असेना, संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे आधी लेखी अर्ज करावा. अर्जात घोड्यांची संख्या, स्वारांची नावे, दिनांक, मार्ग आणि मुक्कामाचे ठिकाण नमूद करावे. अर्ज कोणाकडे द्यावा याचा उलगडा न झाल्यास वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करता येते. अभयारण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि लसीकरण न झालेले पाळीव जनावर आत नेण्यास मनाई आहे. या मनाईमागे कारण आहे, कारण पाळीव जनावरांचे काही रोग वन्यप्राण्यांना होऊ शकतात.

गावच्या सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि त्या बीटच्या वनरक्षकाला आगाऊ कळवावे. कायद्याने प्रत्येक ठिकाणी ते बंधनकारक असेलच असे नाही, परंतु कालच्या रात्री वाघ कोणत्या शिवारात फिरला हे वनरक्षकाला आणि गावच्या गुराख्याला जितके ठाऊक असते तितके इतर कोणालाच नसते. त्यांनी एखाद्या दिशेला जाऊ नका असे सांगितले, तर वाद न घालता तो रस्ता सोडावा.

घोड्याची आणि कागदपत्रांची तयारी

निघण्याच्या साधारण महिनाभर आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. नागपूरकरांना सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हाताशी आहे, ही मोठीच सोय म्हणावी लागेल. धनुर्वाताची लस झालेली असावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि शेतातील गंजलेली तार किंवा खुरात घुसलेला खिळा एवढे निमित्त त्याला पुरते. ग्लँडर्स आणि सर्रा या दोन रोगांसाठी रक्तचाचणी करून घ्यावी. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो सामायिक हौद, बादल्या व तोबरे (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशव्या) यांतून पसरतो. त्याची माहिती प्रशासनाला देणे कायद्याने बंधनकारक आहे. सर्रा डांसांच्या चावण्यातून होतो आणि पावसाळ्यानंतर अधिक आढळतो, म्हणजे आपला हंगाम सुरू होतो त्याच्या अगदी तोंडावर.

नाल निघण्याच्या आदल्या दिवशी मारू नये. नालबंदाला किमान आठवडाभर आधी बोलवावे, म्हणजे एखादा खिळा चुकून नाजूक भागाजवळ गेला असल्यास लंगडणे घरीच दिसून येते.

सरावाला दुसरा पर्याय नाही. घरच्या पागेत घोडा रात्रभर शांत उभा राहतो म्हणून तो परक्या ठिकाणीही तसाच राहील असे गृहीत धरता येत नाही. तंबूचे कापड वाऱ्याने फडफडणे, टॉर्चचा झोत डोळ्यांवर येणे, प्रेशर कुकरची शिट्टी, ताडपत्रीवर पाय पडणे, या सगळ्याची सवय घराच्या अंगणात लावावी. परक्या गोठ्यात शिरण्याची, उंच दोरीला बांधून घेण्याची आणि ट्रकमध्ये चढण्या-उतरण्याची तालीम आठवडाभर रोज थोडी थोडी करावी. त्यानंतर एक दिवसाची सहल, मग एक रात्र आणि शेवटी दोन रात्री, असा क्रम ठेवावा. सोबत नेहमीचा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) असल्यास घोडा परक्या ठिकाणी निम्म्याने शांत राहतो. एकटा घोडा कधीही नेऊ नये. एकमेकांची ओळख असलेले दोन किंवा तीन घोडे नेणे उत्तम, आणि वयात आलेला वळू घोडा व घोडी एकत्र नेणे टाळावे.

वाहतूक

घोड्यांच्या वाहतुकीचे नियम जनावरांच्या वाहतुकीविषयीच्या १९७८ च्या नियमावलीत दिलेले आहेत. घोडा प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत लागते. ट्रकच्या तळाला न घसरणारे आच्छादन हवे, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचा बांबू आडवा बांधलेला हवा आणि मागच्या बाजूला भक्कम आडणी हवी. एका वाहनात चार ते सहापेक्षा अधिक घोडे नसावेत आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. या वेगाने रामटेक गाठायला दीड तास सहज लागतो. चालकाला हे भाडे ठरवतानाच सांगावे. वाटेत सांगितलेले कोणी ऐकत नाही.

तळाला रबरी चटई अंथरून त्यावर तणसाचा जाड थर द्यावा. ट्रकच्या फाळक्यावरून (मागच्या फळीवरून) घोड्याला उडी मारायला लावू नये. रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी किंवा मातीचा उंचवटा वापरावा. पहाटे निघावे आणि तळावर दुपारच्या आत पोहोचावे. अंधारात उतरवलेल्या घोड्याला आपण कुठे आलो आहोत हे पाहण्याची संधीच मिळत नाही, आणि ती रात्र सर्वांनाच जड जाते.

सामानात चारा-पाण्याखालोखाल महत्त्वाच्या वस्तू अशा : प्रत्येक घोड्यासाठी स्वतंत्र बादली व तोबरा, दोन मोरक्या (बांधण्यासाठी डोक्यात अडकवायचे पट्टे) आणि दोन सुती दोर, खरारा, खूर साफ करण्याचा आकडा, झूल, स्टेथोस्कोप, जनावरांचा थर्मामीटर, जंतुनाशक द्रावण, कापूस व रुंद पट्ट्या, धारदार चाकू, डोक्याला लावायचे दिवे. औषधे पशुवैद्यकाने लिहून दिलेलीच न्यावीत आणि मात्रा घोड्याच्या वजनानुसार कागदावर लिहून घ्यावी.

तळावरचा पहिला तास

घोडा उतरवल्यावर लगेच खोगीर चढवू नये आणि लगेच बांधूनही टाकू नये. हातात दोर धरून त्याला आवाराची एक पूर्ण फेरी मारून आणावी. कुंपण, गोठ्याचे दार, पाण्याची जागा आणि शेजारची गुरे यांचा वास त्याला घेऊ द्यावा. तो थांबला तर आपणही थांबावे. त्यानंतर पाणी दाखवावे, मग वाळलेला चारा द्यावा आणि लीद होईपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावे. प्रवासानंतर लीद आणि लघवी नेहमीसारखी झाली, म्हणजे निम्मी काळजी मिटली.

या तासात दुसऱ्या व्यक्तीने आवारातील झाडे-झुडपे तपासावीत. कण्हेर सर्वांत धोक्याची आहे. ती शोभेसाठी फार्महाऊसच्या कुंपणाला हौसेने लावलेली असते आणि तिची थोडीशी पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात, वाळलेली पानेसुद्धा. नाल्याच्या काठची बेशरम, घाणेरी, धोतरा आणि एरंड यांच्याही आसपास घोडा बांधू नये. कपाशीच्या किंवा संत्र्याच्या बागेलगतच्या धुऱ्यावरचे गवत हिरवेगार दिसले तरी त्यावर फवारणीचे औषध उडालेले असते, म्हणून तेथे चरू देऊ नये.

घोडा बांधण्याची रीत

दिवसा आणि संध्याकाळी, माणसे जागी व जवळ असताना, उंच दोरीची दावण ही सर्वांत सुरक्षित पद्धत आहे. एकमेकांपासून आठ-दहा मीटर अंतरावरची, माणसाच्या कवेत मावणार नाहीत अशा बुंध्यांची दोन जिवंत झाडे निवडावीत. कडुनिंब, चिंच, आंबा ही चांगली. दोर सरळ सालीवर बांधू नये. निवारीची रुंद पट्टी बुंध्याभोवती गुंडाळून तिला दोर अडकवावा, म्हणजे साल कापली जात नाही. दोर घोड्याच्या डोक्याहून उंच, जमिनीपासून साधारण सव्वादोन मीटरवर आणि चांगला ताणलेला असावा. घोड्याने ओढल्यावर तो थोडा खाली येतोच, म्हणून सुरुवातीला वाटतो त्याहून अधिक ताण द्यावा.

या आडव्या दोराला प्रत्येक घोड्यासाठी एक पक्की कडी किंवा न सरकणारी गाठ घालावी. घोडा आणि झाड यांत किमान दोन मीटर, तर दोन घोड्यांत तीन मीटर अंतर ठेवावे. झाडाला खेटून बांधलेला घोडा साल खरवडतो आणि टापांनी मुळे उघडी पाडतो. कडीपासून मोरकीपर्यंतच्या दोराची लांबी हीच या पद्धतीतली खरी कसोटी आहे. घोड्याचे तोंड जमिनीवरच्या चाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, परंतु मान वर केल्यावर दोराचा झोळ गुडघ्याच्या खाली लोंबता कामा नये. तसा लोंबला तर पुढचा पाय त्यात अडकतो, घोडा घाबरून मागे रेटतो आणि पायाची कातडी सोलून निघते. बांधून झाल्यावर स्वतः मोरकी धरून खाली वाकून आणि पुन्हा उभे राहून झोळ डोळ्यांनी पाहावा. गाठ मोकळे टोक ओढताच सुटणारी असावी, आणि चाकू कमरेलाच असावा. लगामाला दोर बांधून घोडा कधीही उभा करू नये. त्याने झटका दिला तर जबडा आणि जीभ यांना इजा होते.

जुन्या फौजांमध्ये अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून दोन आणि मागच्या पायांना दोन दोर देऊन, मेखांना घोडे बांधत. ज्या घोड्याला लहानपणापासून ती सवय आहे त्याच्यासाठी ती पद्धत आजही उपयोगी आहे. पण काळ्या मातीत मेख टिकत नाही, आणि नवख्या घोड्याला पिछाडी लावल्यास तो घाबरून स्वतःचे पाय दुखावून घेतो. जंगलकाठी तर मी ती वापरण्याचा सल्ला देणार नाही.

रात्र

अंधार पडण्याच्या अर्धा तास आधी घोडे गोठ्यात गेलेले असावेत. गोठ्याला भिंती किंवा भक्कम जाळी, वरून छप्पर आणि आतून-बाहेरून कडी लागणारे दार, या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसती कंबरभर भिंत किंवा उघडे कुंपण बिबट्याला अडवू शकत नाही. छप्पर आणि भिंत यांत मोकळी जागा असेल तर तेथे जाळी ठोकून घ्यावी. हवा खेळती राहिली पाहिजे, म्हणून ताडपत्रीने सगळे बंद करू नये. आत खिळे, पत्र्याच्या धारा, नांगराचा फाळ किंवा खताच्या गोण्या पडलेल्या नाहीत, याची हात फिरवून खात्री करावी. गोठ्यात आधीपासून गुरे बांधलेली असल्यास घोड्यांसाठी वेगळा कप्पा करून घ्यावा.

माणसांचे तंबू कुंपणाच्या आत, गोठ्याची हालचाल कानावर येईल इतक्या जवळ लावावेत. पाळीपाळीने एकाने जागे राहावे आणि दर दोन तासांनी गोठ्यात डोकावून यावे. जाताना हळू आवाजात बोलत जावे, म्हणजे घोडा दचकत नाही. सारे घोडे एकाच दिशेला कान टवकारून, नाकपुड्या फुगवून उभे असतील, तर बाहेर काहीतरी आहे असे समजावे. अशा वेळी दिवे लावावेत, सगळ्यांना उठवावे आणि कोणीही कुंपणाबाहेर पाहायला जाऊ नये. उष्टे अन्न आणि मांसाचे तुकडे उघड्यावर टाकू नयेत. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

शेकोटीविषयी थोडेसे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरला जातो, आणि राखीव वनात विस्तव पेटवणे किंवा नेणे यावर निर्बंध आहेत. शेतातसुद्धा मालकाच्या संमतीनेच, उघड्या जमिनीवर, वैरणीपासून व गोठ्यापासून बरीच दूर शेकोटी करावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवावी. स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी पुरते.

चारा आणि पाणी

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो. ३५० किलोंच्या घोड्यासाठी हे ७ किलो होतात. तीन घोडे, दोन रात्रींच्या मुक्कामाचे तीन दिवस आणि एक दिवस राखीव, असा हिशेब केल्यास साधारण ८५ किलो चारा न्यावा लागतो. तो घरचाच असावा. गावात कुटार मिळेल, तणस मिळेल, कडबाही मिळेल, म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नये, कारण चाऱ्यातला अचानक बदल हे पोटशूळाचे एक मोठे कारण आहे. नवा चारा द्यायचाच असेल तर तो आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळत न्यावा लागतो. गुरांसाठीचे तयार खाद्य घोड्याला मुळीच देऊ नये. त्यातील काहींत मोनेन्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. कोवळी ज्वारीही विषबाधा करू शकते.

रानातले वाळलेले गवत फुकट मिळते म्हणून कापून आणण्याची इच्छा होते. पण पावसाळा सरल्यावर आपल्याकडच्या गवताला कुसळे धरतात. ती हिरड्यांत, जिभेखाली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात रुततात. चारा खाताना घोडा मध्येच थांबून तोंड वाकडे करू लागला, लाळ गाळू लागला किंवा एक डोळा मिटून उभा राहिला, तर प्रथम कुसळच शोधावे. ओठ वर करून हिरड्यांवरून बोट फिरवल्यास ते टोचते. डोळ्यात रुतलेले कुसळ मात्र स्वतः ओढू नये.

पाणी रोज २५ ते ४० लिटर लागते आणि रपेटीच्या दिवशी अधिक. अनेक घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत. पहिल्या दिवसापुरते घरचे पाणी कॅनमध्ये न्यावे आणि नंतर त्यात गावचे पाणी मिसळत जावे. गुरांच्या सामायिक हौदावर घोडा नेऊ नये, आपल्या बादलीतूनच पाजावे. चंदीचे (दाण्याच्या खुराकाचे) प्रमाण मुक्कामात वाढवण्याची चूक सर्रास होते. घोडा थकला म्हणून त्याला हरभरा अधिक द्यावा असे वाटते, पण थकलेल्या पोटाला आधी पाणी, मग चारा आणि किमान तासाभराने चंदी, हाच क्रम योग्य आहे. चंदी खाऊन तास-दीड तास उलटल्याशिवाय खोगीर कसू नये. मिठाचा खडा मात्र गोठ्यात नेहमी ठेवावा.

रपेट

सूर्य चांगला वर आल्यावर निघावे आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी परतावे. पहाट आणि संधिप्रकाश ही वन्यप्राण्यांच्या हालचालीची वेळ असते. स्थानिक वाटाड्या सोबत असावा. दाट झुडपांतून आणि नाल्यातून घोडा दौडवू नये. बसलेले अस्वल किंवा रानडुकराचा कळप अचानक समोर येण्याची शक्यता अशाच जागी असते, आणि मोहफुलांच्या दिवसांत तर अस्वले मोहाच्या झाडांखाली हमखास येतात. शेतातून जाताना धुऱ्यानेच जावे. हरभऱ्याच्या उभ्या पिकात घोड्याने एकदा जरी तोंड घातले तरी नुकसानभरपाई जागच्या जागी देऊन टाकावी. घोडा अचानक अडला, तर त्याला टाच मारून पुढे ढकलू नये. त्याला आपल्याआधी वास आलेला असतो.

विश्रांतीच्या वेळी नाडी मोजण्याची सवय लावून घ्यावी. जबड्याच्या खालच्या कडेवर, आतल्या बाजूला, बोटाखाली दोरीसारखी सरकणारी रक्तवाहिनी लागते. ती हलके दाबून पंधरा सेकंदांतले ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. रपेटीनंतर वीस-तीस मिनिटांत ती ६४ च्या खाली आली नाही, तर त्या दिवशीची रपेट तेथेच संपवावी आणि घोड्याला चालवत परत आणावे. तळावर आल्यावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदम न सोडता सैल करावा, खोगिराखालची पाठ हाताने चाचपावी आणि चारही खूर उचलून आकड्याने साफ करावेत. मुरमाचा एखादा अणकुचीदार खडा नाल आणि तळव्याच्या मध्ये बसलेला असतो, आणि तो सकाळपर्यंत राहिला की लंगडणे ठरलेलेच.

पोटशूळ आणि इतर अडचणी

घोडा वारंवार पोटाकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, चारा सोडतो, लोळतो किंवा लीद टाकत नाही, तेव्हा पोटशूळ समजून लगेच हालचाल करावी. चारा काढून घ्यावा, नाडी आणि हिरड्यांचा रंग पाहावा व पशुवैद्यकाला फोन करावा. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. फिकट, विटकरी किंवा जांभळट हिरडी आणि ६० च्या वर टिकून राहणारी नाडी, ही गंभीर लक्षणे आहेत. तो सतत लोळू पाहत असेल तर हळूहळू चालवावे, पण दमेपर्यंत नाही. गावात कोणीतरी बाटलीने किंवा नळ्याने तेल पाजण्याचा सल्ला हमखास देते. तो आपुलकीने दिलेला असला तरी नम्रपणे नाकारावा. तेल फुप्फुसात जाते आणि घोडा त्यानेच दगावतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातला ताण मोकळा करण्याचे काम नळी घालून पशुवैद्यकच करू शकतो.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तरीही मुक्कामापूर्वीच जवळच्या पशुवैद्यकाशी बोलून ठेवावे आणि आणीबाणीत घोडा नागपूरला न्यायला ट्रक किती वेळात येईल हे पक्के करावे. ट्रक सोडून परत गेला असेल तर तो रात्री मिळेलच याची शाश्वती नसते, म्हणून शक्य असल्यास वाहन व चालक दोघांनाही मुक्कामाला ठेवून घ्यावे. हा खर्च मला कधीही अनाठायी वाटलेला नाही.

निघताना आणि परतल्यावर

एक घोडा दिवसाला साधारण १५ किलो लीद टाकतो. ती गोळा करून शेतमालकाच्या उकिरड्यावर टाकावी, तो ती खत म्हणून आनंदाने घेतो. राखीव वनाच्या वाटेवर पडलेली लीदही परतताना पोत्यात भरून आणावी, कारण तिच्यातून आपल्या चाऱ्यातील गाजरगवतासारख्या तणांचे बी जंगलात रुजते. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वनांत याच कारणासाठी तणविरहित असल्याचे प्रमाणपत्र असलेलाच चारा नेऊ देतात. टापांनी उकरलेले खड्डे बुजवावेत, झाडावरच्या पट्ट्या सोडाव्यात, सांडलेला चारा आणि सुतळीचे तुकडे वेचून घ्यावेत. सुतळी गुरांच्या पोटात गेली तर ती आतच अडकते.

घरी परतल्यावर घोड्याला दोन दिवस हलके काम द्यावे आणि चंदी कमी करावी. कानांच्या आत, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गोचिडांचा शोध घ्यावा. बादल्या, तोबरे व खरारे जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय इतर घोड्यांसाठी वापरू नयेत. पुढील तीन-चार आठवडे सकाळ-संध्याकाळ तापमान घेऊन वहीत लिहीत जावे. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप येत-जात राहिला, पोटाखाली किंवा पायांवर सूज दिसली अथवा खाणे नीट असूनही घोडा वाळू लागला, तर सर्ऱ्यासाठी रक्त पुन्हा तपासून घ्यावे. नाकातून चिकट, पिवळसर स्राव येऊ लागल्यास त्या घोड्याला त्याच दिवशी इतरांपासून वेगळे बांधावे, त्याची देखभाल एकाच माणसाने हातमोजे घालून करावी आणि पशुवैद्यकाला ग्लँडर्सची शंका स्पष्ट शब्दांत सांगावी.